कोयता कोणाच्या हातात?

जव्हार-मोखाड्याच्या बाजाराला आलेल्या माणसाच्या कमरेकडे पाहावे. लाकडी आकडी, आणि तिच्यात अडकवलेला कोयता. राबासाठी फांद्या छाटायला, सरपण तोडायला, वाटेतली काटेरी झुडुपे बाजूला करायला तो लागतो. हाच कोयता एखाद्या भांडणानंतर पंचनाम्यात येतो, तेव्हा त्याचे नाव बदलते. तो 'धारदार हत्यार' होतो. लोखंड तेच, मूठ तीच. नाव ठेवणारा मात्र दुसरा असतो. या नाव ठेवण्याचा इतिहास मला येथे मांडावयाचा आहे, कारण आदिवासी आणि दलित माणसाच्या आयुष्यातली कितीतरी वर्षे या एका शब्दाने खाल्ली आहेत.

जव्हारच्या डोंगरावरून खाली डहाणूकडे उतरताना तलवाडा लागते. आज ते विक्रमगड तालुक्यात आहे. या साऱ्या पट्ट्यातली वेठ, लग्नगडीची गुलामी आणि मजुरीऐवजी मिळणारा मार यांची नोंद खुद्द सरकारी अधिकारी सिमिंग्टन यांनी 1938-39 च्या सुमारास आपल्या अहवालात केली होती. अहवाल दप्तरात राहिला. 23 मे 1945 रोजी उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी किसान सभेची परिषद भरली आणि वारल्यांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी गवतकापणीचा हंगाम आला, तेव्हा पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मिळावेत, एवढीच मागणी पुढे आली. गवत कापणाऱ्याच्या हातात विळा असणार, हे सांगायला नको.

मग 10 ऑक्टोबर 1945 उजाडला. गोदूताई परुळेकर तलवाड्याला येणार आहेत, त्यांच्यावर हल्ला होणार आहे, तेव्हा काठ्या-विळे घेऊन या, असा खोटा निरोप जमीनदारांच्या बाजूने पाड्यापाड्यांवर पोचवला गेला. दुसरीकडे सरकारला कळवण्यात आले की हत्यारबंद जमाव जमीनदारांवर चालून येत आहे. लोक आपल्या बाईच्या रक्षणासाठी आले होते. पोलिसांना दिसला तो हत्यारबंद जमाव. गोळीबार झाला. जेठ्या गांगडसह पाच आदिवासी ठार झाले.

या घटनेकडे आपण हौतात्म्य म्हणून पाहतो, आणि ते योग्यच आहे. पण मला तिच्यात एक खटलाही दिसतो. फिर्याद आधी लिहिली गेली, पुरावा नंतर गोळा करण्यात आला, आणि तो पुरावा आरोपीनेच आपल्या हातात धरून आणावा अशी तजवीज झाली. आरोपीचे म्हणणे ऐकण्याआधी शिक्षा अमलात आली. वारल्यांजवळ हजारो माणसे होती. एक अर्ज लिहिणारा माणूस त्या रात्री त्यांच्याजवळ नव्हता. कायद्याची पदवी घेतलेल्या गोदूताई त्या वेळी तेथे नव्हत्याच. पुढे परुळेकर दांपत्यालाच जिल्ह्यातून हद्दपार करण्यात आले.

येथे आपल्या चळवळीचा एक धागा जोडला जातो. शामराव परुळेकर हे 1937 साली बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे कायदेमंडळावर निवडून आले होते. 1938 च्या जानेवारीत खोतीविरुद्ध मुंबईत कौन्सिलवर निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात ते बाबासाहेबांबरोबर होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या. पण खोताच्या कुळाचे आणि सावकाराच्या लग्नगड्याचे दुःख एकच आहे, ही जाण त्या पक्षात होती. त्याआधी 1927 च्या मार्चमध्ये महाडला आपल्या माणसांवर लाठ्या पडल्या. ती माणसे संख्येने थोडी नव्हती. उलट हात त्यांनाही उगारता आला असता. बाबासाहेबांनी त्यांना आवरले आणि प्रकरण न्यायासनापुढे नेले. हल्लेखोरांपैकी पाच जणांना शिक्षा झाली. त्या संयमाला कोणी भेकडपणा म्हणेल. त्या संयमामुळे फिर्यादी आपण राहिलो आणि आरोपी ते झाले, एवढे मात्र इतिहास सांगतो.

आता आजचे पाहू. मी शिक्षक आहे. आमच्या घरात पदवी घेणारा पहिला. काही वर्षांपूर्वी या भागातला एक विद्यार्थी परीक्षेच्या दिवसांत वर्गातून दिसेनासा झाला. चौकशी करता समजले, की बापावर कोयत्याची केस झाली आहे. बांधावरून वाद झाला होता. बापाच्या डोक्यालाही खोक पडली होती, पण तिच्यावर हळद दाबून तो घरी बसला. समोरचा माणूस थेट दवाखान्यात आणि तेथून ठाण्यात गेला. ज्याची फिर्याद आधी त्याची बाजू खरी, हा अलिखित कायदा. बापाने विचारले त्या प्रत्येक कागदावर अंगठा उठवला. मी त्या पोराला मदत करू शकलो नाही, कारण एम.ए. होऊनही मला त्या कागदातले काही कळत नव्हते. ती लाज या लेखामागे आहे.

नंतर मी वाचू लागलो. 1860 च्या भारतीय दंड विधानातले 324, 326 आणि 307 हे आकडे आपल्या वस्त्यांना पाठ असतात. 96 ते 106 हे कोणाला ठाऊक नसतात. ती खाजगी संरक्षणाच्या हक्काची कलमे. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली. हत्याराने दुखापतीचे 324 व 326 हे 118 झाले, खुनाच्या प्रयत्नाचे 307 हे 109 झाले आणि संरक्षणाचा हक्क 34 ते 44 मध्ये गेला. हक्क मेला नाही. तो अमर्याद नाही, हेही खरे: संरक्षणाला आवश्यक तेवढीच इजा करता येते आणि सूड त्यात बसत नाही. पण सर्वोच्च न्यायालयाने 1968 च्या मुन्शी राम खटल्यात आणि 1975 च्या पूरन सिंग खटल्यात सांगितले आहे, की जमिनीवर ज्याचा स्थिर ताबा आहे, त्याला जबरदस्तीने घुसणाऱ्याविरुद्ध ताबा राखता येतो. 1976 च्या लक्ष्मी सिंग खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटले, की आरोपीच्या अंगावरच्या गंभीर जखमांचा खुलासा फिर्यादी पक्ष करीत नसेल, तर त्याच्या कहाणीवर संशय घ्यावा लागतो. म्हणजे हळद दाबून बसलेल्या त्या बापाची खोक हाच त्याचा बचाव होता. ती कोणी लिहून घेतली नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी पहिल्या दिवशीची कामे शिकली पाहिजेत. जखमी आरोपीला दवाखान्यात नेऊन जखम नोंदवून घेणे. अटक झाली असेल तर वैद्यकीय तपासणीचा आग्रह धरणे. आपल्या बाजूची फिर्याद लेखी देणे आणि तिची पोच घेणे. पोलिसांनी तपासात घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही लागत नाही आणि पोलिसांपुढचा कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही, हे घरच्यांना समजावणे. वकिलाला पैसे नाहीत म्हणून गप्प बसू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या 12 व्या कलमाने अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कोठडीतल्या कोणालाही मोफत वकील मिळतो. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. त्याआधी जिल्ह्याच्या कामासाठी मोखाड्याच्या माणसाला ठाणे गाठावे लागे. अंतर थोडे कमी झाले आहे. कागदाचे अंतर तेवढेच आहे.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. प्रत्येक कोयता निर्दोष नसतो. दारूत, भाऊबंदकीत, बायकोवर उगारलेला कोयताही आपल्याच पाड्यांत आहे, आणि त्याने जखमी होणारे माणूसही आपलेच. त्याचा बचाव चळवळीने करू नये. पण दोषी कोण हे न्यायासनाने दोन्ही जखमा पाहून ठरवावे, एवढी मागणी प्रत्येक आरोपीसाठी करता येते, केलीच पाहिजे.

तलवाड्याला जमलेल्या माणसांच्या हातात विळे होते. शत्रूच्या हातात निरोप होता, फिर्याद होती, लेखणी होती. आता आपल्या पोरांच्या हातातही लेखणी आली आहे. तिने पहिल्यांदा काय लिहावे, असे मला कोणी विचारले, तर मी म्हणेन: बापाच्या डोक्यावरची जखम, तारीख आणि वेळ घालून.