नामदेवांची वाट आणि शरीराचें घड्याळ

हिंगोली जिल्ह्यांत कयाधू नदीच्या कांठीं नरसी हें गांव आहे. संत नामदेवांचें हें जन्मस्थान, असें परंपरा सांगते. शके ११९२, म्हणजे इसवी सन १२७०, हें त्यांचें जन्मवर्ष मानलें जातें. याच जिल्ह्यांतील औंढा नागनाथ येथें त्यांना विसोबा खेचरांचा उपदेश लाभला, आणि पुढें ते भागवतधर्माचा संदेश घेऊन पंजाबांत घुमानपर्यंत गेले. नकाशावर सरळ रेघ ओढली तरी हें अंतर तेराशें किलोमीटरांच्या आसपास भरतें. ऊन, पाऊस, नद्या नि डोंगर यांनीं पाय थकले असतील. परंतु त्या शिणवट्यास रात्रीची झोंप हाच उतारा होता. सूर्य मात्र नेहमींच्याच वेळीं उगवे. कारण पृथ्वीला एक अंश फिरावयास चार मिनिटें लागतात, आणि नरसी नि घुमान यांच्या रेखांशांत फार तर दोन अंशांचें अंतर आहे.

पूर्व-पश्चिम प्रवासाची गोष्ट निराळी. सन १८८३ च्या एप्रिलच्या ७ तारखेस आनंदीबाई जोशी कलकत्त्याहून आगबोटीनें निघाल्या, त्या ४ जूनला न्यूयॉर्कला पोंचल्या. दोन्ही शहरांच्या सूर्यवेळेंत सुमारें अकरा तासांचा फरक. परंतु तो अठ्ठावन्न दिवसांत वांटला गेला, म्हणजे रोज सरासरी अकरा मिनिटें. एवढा फरक शरीर सहज पचवतें.

विमानानें ही सवड हिरावून घेतली. अमेरिकन वैमानिक वाइली पोस्ट यानें सन १९३१ मध्यें आपल्या सहकाऱ्यासह पावणेनऊ दिवसांच्या आंत पृथ्वीप्रदक्षिणा केली. निघण्यापूर्वीं त्यानें झोंपेच्या वेळा बदलण्याचा सराव केला होता; एवढी दूरदृष्टि त्याला होती. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचें पहिलें विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा मार्गें लंडनला निघालें. आज तर मुंबईहून न्यूयॉर्क सुमारें सोळा तासांत गांठतां येतें. बोटीनें जो फरक दोन महिन्यांत ओलांडला, तो एका उड्डाणांत ओलांडावा लागतो.

शरीराचें घड्याळ मेंदूंत असतें, आणि त्याला किल्ली देतो तो मुख्यतः डोळ्यांवर पडणारा प्रकाश. पेशींतील या घड्याळाची रचना उलगडल्याबद्दल तिघा अमेरिकन शास्त्रज्ञांना सन २०१७ चें नोबेल पारितोषिक मिळालें. हें घड्याळ दिवसाला साधारण एक तासच सरकतें. त्याची स्वाभाविक चाल चोवीस तासांहून किंचित् मंद असल्यामुळें पश्चिमेकडे जाणें सोपें, पूर्वेकडे येणें कठीण. म्हणून अमेरिकेंत झोंप लवकर जुळली, तरी घरीं परतल्यावर पहाट होईपर्यंत डोळा लागत नाहीं.

हिंगोलीचे वृद्ध आईबाप लेकाकडे महिनाभर जातात, आणि पहिला आठवडा दिवसां पेंगण्यांत नि रात्रीं छताकडे पाहण्यांत दवडतात. त्यांनीं शीण आणि घड्याळाचा घोळ हे दोन वेगळे ओळखावेत. विमानांतील हवा कोरडी असते. तेथें पाणी पीत राहावें, मद्य टाळावें, मधूनमधून पाय हलवावेत. शिणास विश्रांति पुरते. घोळास मात्र नव्या गांवचा सूर्यप्रकाश हवा. निघण्यापूर्वीं दोन-तीन दिवस, पश्चिमेकडे जावयाचें असल्यास थोडें उशिरां, पूर्वेकडे असल्यास थोडें लवकर निजावें. पोंचल्यावर तेथील घड्याळाप्रमाणें जेवावें, दिवसां घराबाहेर फिरावें, डुलकी अर्ध्या तासाहून लांबवूं नये. पहिल्या दिवशीं मोटार चालवूं नये. मधुमेहाचें इन्सुलिन वेळेवर घेणाऱ्यांनीं निघण्यापूर्वींच वैद्यांस विचारावें. ही हयगय जिवावर बेतूं शकते.

पायीं चालणाऱ्या संताबरोबर त्याचा सूर्य चालत होता. विमानांतील प्रवाशाचा सूर्य मागें राहतो. त्याला येऊन मिळावयास चार दिवस द्यावेत, हेंच शहाणपण.