काळी वाळू आणि कृत्रिम दात

मुंबईच्या खाऱ्या हवेत लोखंडाची काय गत होते, हे गिरगावातल्या जुन्या चाळींचे कठडे पाहिले की आपल्या ध्यानात येते. आपले तोंड ही तर त्याहूनही अवघड जागा. तेथे लाळेतले क्षार आहेत, चिंच-लिंबाचे आम्ल आहे आणि चावण्याचा दाब आहे. अशा ठिकाणी जबड्याच्या हाडात बसवलेले धातूचे मूळ वर्षानुवर्षे टिकते कसे, याचा इतिहास उद्बोधक आहे.

१७९१ साली इंग्लंडातील कॉर्नवॉल परगण्यात विल्यम ग्रेगर या धर्मोपदेशकाला काळ्या वाळूत एक अपरिचित द्रव्य आढळले. १७९५ मध्ये जर्मन रसायनज्ञ क्लाप्रोथ याने त्याचे नाव 'टायटॅनियम' ठेवले. तसलीच काळी वाळू, म्हणजे इल्मेनाइट, आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर आहे आणि केरळात तर विपुल आहे. अशा वाळूतील खनिजे वेगळी करणारी इंडियन रेअर अर्थ्‌स ही कंपनी १९५० साली स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय दादर-परळच्या शेजारी प्रभादेवीलाच आहे.

परंतु वाळूतून धातू मिळवणे सोपे नव्हते. टायटॅनियम प्राणवायूला असे घट्ट धरून बसते की, शुद्ध धातू हाती येण्यास १९१० साल उजाडले. पुढे क्रोल याने मॅग्नेशियमच्या साहाय्याने तो काढण्याची रीत बसवली, तेव्हा कोठे तो कारखान्यांत पोहोचला.

गंमत अशी की, प्राणवायूची हीच ओढ त्याचा गुण ठरली. हवा लागताच टायटॅनियमवर ऑक्साइडचा थर चढतो. त्याची जाडी मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागांइतकीच. लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी गळून पडतो. हा थर मात्र अंगाला चिकटून राहतो आणि ओरखडा उठला तर पुन्हा आपोआप भरून येतो. म्हणून शरीराची गाठ धातूशी न पडता या निरुपद्रवी थराशी पडते.

१९४० मध्ये मांजरांवरील प्रयोगांत हाड टायटॅनियमला धरू पाहते, अशी नोंद झाली होती. १९५२ च्या सुमारास स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क हे सशाच्या हाडातील रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर टायटॅनियमचे उपकरण काढू गेले, तर ते हाडाशी एकजीव झालेले! १९६५ साली त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची मुळे बसवली. पण जाणत्यांचा संशय फिटायला १९८२ ची टोरांटो येथील परिषद यावी लागली.

दातांसाठी बहुधा शुद्ध टायटॅनियम, आणि अधिक बळकटी हवी तेथे ॲल्युमिनियम व व्हॅनेडियम मिसळलेला मिश्रधातू वापरतात. तथापि धातू अजिंक्य आहे, असे आपण समजू नये. आम्लयुक्त फ्लोराइडाने त्याचा थर झिजतो. त्याहून मोठा धोका हिरड्यांचा. अस्वच्छता आणि तंबाखू यांमुळे धातू शाबूत राहतो, पण भोवतालचे हाड झडते.

आपल्या शहरात दंतविद्येचे शिक्षण देणारे नायर दंत महाविद्यालय १९३३ पासून आहे; परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाशी झुंजत आहे. कर्करोगात जबड्याचा भाग काढावा लागला, तर तो सांधायलाही टायटॅनियमच्याच पट्ट्या उपयोगी पडतात. गिरणगावात मिश्री आणि तंबाखू-चुना घरोघर होता. ज्यांचे दात त्यापायी गेले, त्यांच्या खिशाला मात्र हे नवे मूळ आजही जड जाते. संशोधकांनी धातूचा प्रश्न पुष्कळसा सोडवला आहे. तो सामान्य माणसाच्या तोंडापर्यंत नेणे आणि मुळात तंबाखू सुटणे, हे काम समाज म्हणून आपल्याकडे उरते.