पायाखालची जमीन

बारा मीटर लांब, बारा मीटर रुंद चौकोन, नव्वद सेकंद आणि शब्दांविना संगीत. जिम्नॅस्टिक्समधल्या महिलांच्या फ्लोअर एक्सरसाइजची चौकट एवढीच. मी भुसावळजवळच्या दीपनगरच्या वसाहतीत वाढले आणि पुढे मुलींना शारीरिक शिक्षण शिकवलं. या खेळाचा इतिहास मला पायाखालच्या जमिनीचा इतिहास वाटतो.

जमिनीचं मोल आपल्या तालमींना फार आधी कळलं होतं. हौद्यातली तांबडी माती चाळायची, तेल, ताक, हळद घालून मुरवायची, रोज खणून भुसभुशीत ठेवायची. पडणाऱ्याचं अंग मोडू नये म्हणून. मुलींना मात्र त्या हौद्यात पाऊल ठेवायला मिळत नसे.

फ्लोअरवरचं महिलांचं जागतिक विजेतेपद 1950 साली बाझलमध्ये पोलंडच्या हेलेना राकोचीनं मिळवलं. 1952 मध्ये हेलसिंकीला हा प्रकार ऑलिंपिकमध्ये आला आणि सुवर्णपदक हंगेरीच्या आग्नेस केलेतीला मिळालं. तिचे वडील आउश्वित्झमध्ये मारले गेले होते. ती स्वतः खोट्या कागदपत्रांवर मोलकरीण म्हणून राहून वाचली. 1956 मध्ये मेलबर्नला, वयाच्या 35व्या वर्षी, ती लारिसा लातिनिनासह पुन्हा सुवर्णपदकाची मानकरी ठरली. तेव्हाची जमीन कठीण होती. डौल आणि लवचिकपणाला महत्त्व असे, आणि कोलांट्या बेतानं घेतल्या जात.

1976 मध्ये मॉन्ट्रियलला नेली किमनं हवेत दोनदा उलटं फिरणारी समरसॉल्ट मारली आणि पूर्ण 10 गुण मिळवले. पुढे प्लायवुडच्या फळ्यांखाली स्प्रिंगा आल्या, वर फोम आणि गालिचा आला. 2019 मध्ये स्टुटगार्टला सिमोन बाइल्सनं दुहेरी समरसॉल्टमध्ये तीन पिळे घेतले. कठीण लाकडावर असं काही करून बघण्याची कुणाची छाती झाली असती?

आमच्या शाळेत काथ्याच्या गाद्या होत्या. उन्हाळ्यात भुसावळचा पारा 45च्या पुढे चढायचा, म्हणून सराव भल्या सकाळी उरकायचा. स्पर्धेच्या चौकोनाचा कर्ण जवळपास 17 मीटर भरतो. आमच्या गाद्या त्याच्या निम्म्यालाही पुरत नसत. त्या सरकू नयेत म्हणून दोन मुली कडेला पाय रोवून उभ्या राहायच्या. राउंडऑफ, एक फ्लिकफ्लॅक अशा दोन उड्या झाल्या, की पुढे फरशी. फटीत पाय अडकून घोटे मुरगळायचे. ‘पोरगी पडली तं?’ असं आया विचारायच्या, आणि त्यांची काळजी खरी होती.

प्रशिक्षक आणि सराव मिळाला तर काय घडतं, याचं उदाहरण म्हणजे दीपा कर्माकर. ती 2016 मध्ये रिओला व्हॉल्टच्या अंतिम फेरीत 15.066 गुणांसह चौथी आली. ऑलिंपिकला गेलेली ती पहिली भारतीय महिला जिम्नॅस्ट. ती आगरताळ्याची, मोठ्या शहरांपासून इतक्या दूर राहूनही तिला बिश्वेश्वर नंदी यांच्यासारखे प्रशिक्षक लाभले आणि वर्षानुवर्षं सराव करता आला.

आपल्या मुली घाबरतात, असं मी आयुष्यभर ऐकत आले. मला ते पटत नाही. अंग सांभाळून घेणारी गादी मिळाली की त्याच मुली आठवडाभरात पाठीमागे उडी घ्यायला लागतात, हे मी शिकवताना पाहिलं आहे. म्हणून मुलींमधलं कौशल्य शोधायला निघण्याआधी प्रत्येक तालुक्यात एक सलग, उसळी देणारी जमीन आणि तिच्यावर रोज उभी राहणारी एक जाणती बाई द्या. धाडस मुली स्वतः घेऊन येतील.