हर्डविक मेंढीचे प्रदर्शन : रंग आणि परीक्षा

इंग्लंडच्या वायव्येस असलेल्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये हर्डविक मेंढ्या प्रदर्शनात उतरविताना त्यांच्या पाठीवरील लोकरीस तांबडा रंग चोळतात. तोंड व पाय मात्र धुऊन पांढरेशुभ्र करतात. या रंगास तेथे ‘रड’ म्हणतात. पूर्वी तो स्थानिक लोहखनिज कुटून, चरबीत कालवून करीत. कळपाची मालकी दर्शविणाऱ्या खुणाही याच रंगाने उमटवीत. अशा खुणांची पुस्तिका 1817 मध्ये प्रसिद्ध झाली. म्हणजे धनगराच्या नित्य व्यवहारातील द्रव्यच प्रदर्शनात अलंकार झाले.

परीक्षक लोकर, दात, हाडांची मजबुती पारखतो. 1916 मध्ये स्थापन झालेल्या पैदासकार संघामुळे या वाणाचे शुद्ध रूप टिकण्यास साहाय्य झाले. परंतु हर्डविकचा एक गुण रिंगणात पारखता येत नाही. कुंपण नसलेल्या डोंगरावर आपले कुरण ओळखून तेथेच राहण्याची सवय कोकरू आईपासून शिकते. 2001 च्या लाळ-खुरकुत साथीत कळप मारले गेले, तेव्हा ही परंपराही धोक्यात आली. लेखिका बीट्रिक्स पॉटर स्वतः हर्डविकच्या पैदासकार व परीक्षक होत्या. 1943 मध्ये त्या निवर्तल्या. आपली शेते नॅशनल ट्रस्टला देताना तेथील कळप शुद्ध हर्डविकचेच राहावेत, अशी त्यांची इच्छा होती. बक्षिसाने रूप राखले जाते. कुरणाची स्मृती मात्र कळप जागेवर राहिला तरच टिकते.