मोटारीची उपासमार



मोटारीच्या इतिहासांतील पहिला लांबचा प्रवास एका गृहिणीनें केला आणि वाटेंतील पहिली दुरुस्तीहि तिनेंच केली, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. 1888 सालच्या ऑगस्ट महिन्यांत बर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांसह, पतीस न कळवितां, त्यानेंच बनविलेली तीनचाकी गाडी घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमकडे निघाली. अंतर सुमारें शंभर किलोमीटर. वाटेंत इंधनाची नळी तुंबली, तेव्हां तिनें टोपीची लांब टांचणी काढून ती मोकळी केली, असें सांगतात. वाइसलोख गांवीं औषधाच्या दुकानांतून तिनें इंधन विकत घेतलें. कारण पेट्रोलचा पंप त्या काळीं कोठेंच नव्हता. नळी तुंबली तेव्हां त्या गाडीला जो विकार झाला, तोच आजच्या भाषणाचा विषय आहे. हा विकार म्हणजे इंजिनाची उपासमार.

पेट्रोल इंजिनांत जळतें तें हवेच्या संगतीनें. एक भाग पेट्रोलास वजनानें सुमारें 14.7 भाग हवा मिळाली म्हणजे ज्वलन पूर्ण होतें. हवा याहून अधिक झाली किंवा पेट्रोल कमी पडलें, कीं मिश्रण दुबळें होतें. कारागीर त्यास 'लीन' म्हणतात. बेंझच्या गाडींत हवा इंधनाच्या पृष्ठावरून जाई आणि मिळेल तेवढी वाफ घेऊन इंजिनांत शिरे. त्यामुळें प्रमाणाचा भरवसा नसे. 1893 च्या सुमारास विल्हेल्म मायबाख यानें बारीक तोटींतून इंधनाचा फवारा उडविणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला. हंगेरींत डोनाट बांकी आणि यानोश चोंका यांनींहि त्याच सुमारास तशीच युक्ति काढली. तेव्हांपासून जवळजवळ शंभर वर्षें मोटारीचें आरोग्य एका पितळी जेटाच्या सुईएवढ्या छिद्रावर अवलंबून राहिलें.

आपल्या बीड जिल्ह्यास या छिद्राचें महत्त्व विशेष. परळीस रेल्वे होती. परंतु बीड शहरास अहिल्यानगरकडून, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरकडून, आगगाडी आली ती थेट 17 सप्टेंबर 2025 रोजीं. तोंवर बालाघाटच्या डोंगरांतून जाणारी सडक हाच शहराचा आधार होता. निजामाच्या राज्यांत रेल्वे खात्यानें 1932 सालीं 27 गाड्यांनिशीं मोटार वाहतूक आरंभिली. शेजारच्या मुंबई प्रांतांत एस.टी.ची पहिली गाडी 1 जून 1948 रोजीं पुणें-अहमदनगर मार्गावर धांवली, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थानाचें भारतांत विलीनीकरण झालें. पुढें अँबॅसडर व फियाट या गाड्या घरोघरच्या नव्हे, तरी गांवोगांवच्या ओळखीच्या झाल्या. घाटाच्या चढावर अशी गाडी धापा टाकूं लागली म्हणजे मिस्त्री जवळ असेलच असें नाहीं. अशा वेळीं मालकासच वैद्य व्हावें लागे.

या वैद्यकाचें ज्ञान आजहि निरुपयोगी झालेलें नाहीं. लक्षणें अशीं : इंजिन सुरू होऊन लागलीच बंद पडतें, वेग वाढवितांना अडखळतें, कार्ब्युरेटरकडून 'फट्' असा उलट आवाज येतो आणि चढावर इंजिन फाजील तापतें. पहिली परीक्षा चोकाची. चोक ओढला म्हणजे हवा अडते. इंजिन गरम असतांनाहि तेवढ्यानें चाल सुधारली, तर मिश्रण दुबळें आहे असें समजावें. दुसरी परीक्षा स्पार्क प्लगची. निरोगी इंजिनाच्या प्लगचें टोंक फिकट तपकिरी असतें, उपाशी इंजिनाचें पांढुरकें. काळी काजळी असेल, तर रोग नेमका उलटा, म्हणजे अति आहाराचा.

कारणें दोनच : हवा चोरून आंत शिरते, किंवा पेट्रोल पुरेसें पोंचत नाहीं. हवेची चोरी पकडण्यासाठीं इंजिन चालूं ठेवून कार्ब्युरेटरच्या बैठकीच्या सांध्यांवर व रबरी नळ्यांवर पाण्याचा बारीक फवारा मारावा. जेथें पाणी पडतांच इंजिनाचा आवाज बदलेल, तेथें फट आहे. विजेच्या तारांवर पाणी पडूं देऊं नये. आणि पाण्याऐवजीं पेट्रोल शिंपडण्याचें धाडस तर कधींच करूं नये. मग नट आवळावे, गॅस्केट किंवा नळी बदलावी. पेट्रोल अडत असेल, तर इंजिन थंड होऊं द्यावें आणि उघड्या जागीं, विस्तव दूर ठेवून, फिल्टर, पंपाचा पडदा, फ्लोट आणि जेट हीं क्रमानें तपासावीं. जेट हवेच्या फुंकरीनें साफ करावा. त्यांत तार घालूं नये, कारण छिद्र रुंदावतें व माप कायमचें बिघडतें. बर्थाबाईंची टांचणी नळीस चालली, जेटास चालावयाची नाहीं. मिश्रणाच्या स्क्रूस हात लावावयाचा तो सर्वांच्या शेवटीं. हयगय केल्यास व्हॉल्व्ह जळतात आणि शंभर रुपयांचें काम हजारोंवर जातें.

1976 सालीं धुरांतील प्राणवायु मोजणारा संवेदक प्रथम मोटारींत बसविला गेला. त्याच्या मदतीनें नव्या गाड्यांतील संगणक इंधनाचें प्रमाण स्वतःच सांभाळतो. जुन्या गाडीच्या जेटाला मात्र ही बुद्धि नाहीं, आणि नेमकी तिच्याच टाकींत आतां 20 टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल येत आहे. इथेनॉलास वजनाच्या नऊपटच हवा लागते. म्हणून या मिश्र इंधनास योग्य प्रमाण सुमारें 13.5 पडतें. जुन्या मापाचा जेट तितकें इंधन देत नाहीं, म्हणजे कांहींहि न बिघडतां इंजिन अर्धपोटीं राहतें. शिवाय इथेनॉलानें जुनें रबर फुगतें व चिरतें. अशा गाडीच्या मालकानें नळ्या बदलून घ्याव्या आणि जाणत्या मिस्त्रीकडून जेट किंचित् मोठा बसवून घ्यावा.

हें इथेनॉल मक्यापासून व तांदळापासून होतें, तसें उसापासूनहि होतें. दरवर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यांतील असंख्य कुटुंबें कोयता घेऊन तोच ऊस तोडावयास पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. त्यांच्या घामाचा अंश आज आपल्या टाकींत आहे. इंजिन उपाशी राहिलें कीं 'फट्' असा आवाज करून तक्रार करतें, आणि आपण खालीं उतरून कारण शोधतों. माणसाच्या उपासमारीस असा आवाज नसतो. तिचें कारण शोधण्यासाठीं मुद्दाम थांबावें लागतें.