खर्चवाटणी करार (संबद्ध कंपन्यांमधील)

खर्चवाटणी करार : भांडवल वा व्यवस्थापन यांच्या नात्याने परस्परांशी बांधलेल्या कंपन्यांनी संशोधन, कारभार, गुदाम इत्यादींचा सामाईक खर्च आपापसांत विभागून घेण्यासाठी केलेला करार. अशा वाटणीच्या आडून नफा एका कंपनीच्या जमाखर्चातून दुसरीच्या जमाखर्चात सहज सरकविता येत असल्यामुळे, परस्परांशी काहीही संबंध नसलेल्या दोन व्यापाऱ्यांनी त्याच लाभासाठी जी किंमत मोजली असती तीच प्रमाण मानावी, असा करविषयक कायद्याचा दंडक आहे.

या तत्त्वाचे बीज १९२२ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम ४२ (२) मध्ये आढळते. मुंबईची माझगाव डॉक कंपनी आपल्या मालक असलेल्या दोन ब्रिटिश जहाज कंपन्यांची जहाजे नफा न घेता, केवळ खर्चाच्या दराने दुरुस्त करून देत असे. अशा न घेतलेल्या नफ्यावरही कर बसतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये दिला.

१९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमात २००१ साली घातलेल्या कलम ९२ (२) नुसार, खर्चाचा वाटा त्यातून मिळालेल्या लाभाच्या, सेवेच्या वा सुविधेच्या रास्त किमतीवरून ठरू लागला. २६ टक्के मताधिकार हे संबद्धतेचे एक गमक असून, परदेशी व्यवहार एक कोटी रुपयांहून अधिक असल्यास विहित दस्तऐवज ठेवावे लागतात. ग्लॅक्सो स्मिथक्लाइन एशियाच्या प्रकरणात, भगिनी कंपनीने आकारलेल्या खर्चाच्या वाट्यावरून उद्भवलेल्या वादात, सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये केलेल्या सूचनेस अनुसरून २०१२ साली काही देशांतर्गत व्यवहारही या नियमांच्या कक्षेत आले. मात्र संबंधितांना दिलेल्या सर्वसाधारण खर्चाच्या रकमा २०१७ मध्ये त्यातून वगळण्यात आल्या.

त्यामुळे लातुरात एकाच घराण्याची डाळ गिरणी व तेल गिरणी, किंवा नांदेडात सरकी काढण्याचा कारखाना व पेढी, यांचे गुदाम आणि मुनीम सामाईक असले, तरी एवढ्याने हे नियम लागू होत नाहीत. तथापि १९६१ च्या अधिनियमातील कलम ४०अ (२) अन्वये संबंधितांस दिलेली अवाजवी रक्कम खर्च म्हणून नामंजूर करण्याचा अधिकार प्राप्तिकर अधिकाऱ्यास मिळाला. म्हणून गुदामाचे भाडे व्यापलेल्या जागेच्या आणि मुनिमाचे वेतन त्याने केलेल्या कामाच्या प्रमाणात विभागून, त्या वाटणीचा आधार वर्षारंभीच लेखी नोंदविणे श्रेयस्कर होय; कारण ज्याच्या पदरी लाभ, त्याच्याच खात्यावर खर्च, हा न्याय कंपनी परदेशी असो वा घरची, सर्वांस सारखाच आहे.