‘काढलं’ : लष्कराच्या दारातून परत आलेल्यांचा इतिहास कसा वाचायचा

तिसगावात भरतीहून परत आलेल्या पोराला विचारलं, की तो एका शब्दात सांगतो : ‘काढलं.’ समोरचा लगेच विचारतो, ‘कुठं?’ ‘का?’ असं कोणी विचारत नाही. ग्राउंडला काढलं, मेडिकलला काढलं, लेखीला काढलं. एनडीएची लेखी निघून जो पाच दिवसांच्या एसएसबीला जाऊन आला, तो म्हणतो, ‘बोर्डातून काढलं.’ ग्राउंडला निदान घड्याळ दिसतं, मेडिकलला कागदावर काहीतरी लिहिलेलं असतं. बोर्डातून परत आलेल्याला मात्र कारण सांगितलंच जात नाही. तो एसटीत बसून घरापर्यंत स्वतःच कारणं शोधत येतो.

पाथर्डी तालुक्यातल्या गावांना फौज लांबची नाही. करंजी घाटापलीकडे नगरला आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं केंद्र आहे. पण आज मला सांगायचंय ते नगरच्या छावणीबद्दल नाही. तुमच्यापैकी बरेच जण पेटची तयारी करताय, विषय शोधताय. ‘सर, नाकारलं जाणं हा इतिहासाचा विषय होतो का?’ असं तुम्ही गाइडला विचारलं तर ते बहुधा म्हणतील, साधनं काय आहेत ते सांगा. बरोबरच आहे. फौजेत गेलेल्यांची सर्व्हिस बुकं असतात, पदकं असतात, पेन्शनचे कागद असतात, भिंतीवर फोटो असतो. न गेलेल्याचं काय उरतं?

महाराष्ट्रात याचं एक मोठं प्रकरण आहे, आणि त्याचे कागद उरले आहेत. एका अख्ख्या जातीला लष्करातून काढलं गेलं, त्याचं हे प्रकरण. ‘ग्राउंडला काढलं’ हे शब्दही तिथे लागू होत नाहीत, कारण ग्राउंडपर्यंत जाऊच दिलं नव्हतं.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत महार शिपाई मोठ्या संख्येने होते. इंग्रजी दफ्तरात त्यांना अनेकदा ‘परवारी’ म्हटलेलं सापडेल. नावाच्या शेवटी ‘नाक’ असायचं; कोरेगाव भीमाच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची जी नावं कोरली आहेत, त्यात अशी बावीस नावं आहेत. सुभेदार, सुभेदार-मेजर या हुद्द्यांपर्यंत ही माणसं पोचली. (त्या काळी एतद्देशीय माणसाला याच्या वर जाताच येत नव्हतं, मग तो कुठल्याही जातीचा असो.) गावकीची कामं, वेस राखणं, मेलेली ढोरं ओढणं यातून बाहेर पडायचा हा एक सरळ रस्ता होता. पगार, पेन्शन, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पलटणीतली शाळा. बाबासाहेब आंबेडकरांचे आजोबा मालोजी फौजेत होते, वडील रामजी सुभेदार होते आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, आईकडचे मुरबाडकरही सुभेदार-मेजर. १८९१ साली महूच्या छावणीत जन्मलेल्या मुलाला घरातच शिकलेला बाप मिळाला, तो या रस्त्यामुळे.

आणि त्याच सुमारास रस्ता बंद झाला. पुस्तकांत तुम्हाला कुठे १८९२ सापडेल, कुठे १८९३. अशा वेळी घाईने एक साल निवडून दुसऱ्याला चूक ठरवू नका. भरतीचे नियम बदलणं, पलटणींची जातवार फेररचना होणं, प्रत्यक्ष भरती थांबणं या गोष्टी एका दिवसात होत नाहीत. सिनॉप्सिसमध्ये ‘१८९० च्या दशकाच्या सुरुवातीला’ असं लिहिलं तर कोणी तुमचे मार्क कापणार नाही.

कारण काय दिलं गेलं? १८५७ नंतर, आणि विशेषतः लॉर्ड रॉबर्ट्स १८८५ ते १८९३ सरसेनापती असताना, ‘लढवय्या जमाती’ची कल्पना पक्की झाली. पंजाब, नेपाळ, सरहद्द इथली माणसं लढवय्यी, दक्षिणेतली मवाळ झालेली. रॉबर्ट्स त्याआधी मद्रास फौजेचे सेनापती होते आणि तिथल्या शिपायांबद्दल त्यांचं मत वाईट झालं होतं : फार वर्षं शांततेत राहिल्याने यांच्यातला लढाऊपणा गेला, असं त्यांना वाटे. म्हणजे बघा, लढाई तिकडे सरहद्दीवर होणार, तिथे तुम्हाला पाठवणार नाही, आणि मग तुम्ही लढला नाहीत म्हणून तुम्ही लढवय्ये नाही. ‘अनुभव नाही म्हणून नोकरी नाही’ हे ज्यांनी ऐकलंय त्यांना हे समजावून सांगायला नको. त्यात जातीचा भाग होताच. वरच्या जातीच्या शिपायाने महार सुभेदाराचा हुकूम मानायचा कसा, ही अडचण त्या सुभेदाराला हटवून सोडवण्यात आली. स्टीफन कोहेन यांचा १९६९ चा अस्पृश्य सैनिकावरचा निबंध यासाठी जरूर वाचा.

आता कागदांकडे येऊ. मी तुम्हाला दोनच दाखवणार आहे.

पहिला १८९४ चा, गोपाळबाबा वलंगकरांचा. वलंगकर मूळचे महाडजवळच्या रावढळचे. फौजेत नोकरी करून १८८६ च्या सुमारास निवृत्त झाले आणि दापोलीला राहिले. दापोलीत तेव्हा पेन्शनरांची वस्ती होती. रामजी सुभेदारही निवृत्तीनंतर तिथेच गेले. वलंगकर जोतीराव फुल्यांच्या विचारांतले, ‘दीनबंधू’त लिहिणारे, १८८८ मध्ये त्यांचं ‘विटाळ विध्वंसन’ आलं. भरती बंद झाल्यावर त्यांच्या अनार्य दोष परिहारक मंडळीच्या नावाने सरकारसाठी अर्ज तयार झाला. त्यातला युक्तिवाद थोडक्यात असा : आम्ही मुळात क्षत्रिय. दुर्गादेवीच्या दुष्काळात मिळेल ते खाऊन जगावं लागलं म्हणून आम्हाला खाली ढकललं गेलं. तेव्हा आम्हाला लढवय्ये नाही म्हणणं चूक आहे.

दुसरा १९१० चा, शिवराम जानबा कांबळे यांचा. कांबळे पुण्याचे, मेसॉनिक हॉलमध्ये बटलर. १९०८ पासून ‘सोमवंशीय मित्र’ हे मासिक चालवत होते. पुढे १९२९ च्या पर्वती सत्याग्रहातही ते दिसतात. दख्खनमधल्या महारांच्या परिषदेच्या वतीने त्यांनी थेट लंडनला, भारतमंत्र्याकडे अर्ज केला. त्यातही जुन्या नोकरीचे दाखले आहेत, लढायांची नावं आहेत. पण भर वेगळीकडे आहे. आम्ही ब्रिटिश प्रजा आहोत, माणसं आहोत, मोठी राजकीय पदं मागत नाही. पोलिसात आणि फौजेत अगदी खालच्या पायरीवर घ्या, पण दार उघडा. पूर्वी आम्ही कोण होतो यावर हा अर्ज उभा नाही.

दोन्हींत मागणी एकच आहे. आपण शिकतो तेव्हा आपल्याला सांगतात की साधनातून ‘माहिती’ काढा : तारीख, नावं, मागण्या. तेवढंच काढलं तर या दोन कागदांत फरक दिसणारच नाही. तुम्ही असं विचारून बघा : ज्याने नाकारलं, त्याची कसोटी हा अर्जदार मान्य करतो का? वलंगकरांच्या अर्जात ती मान्य आहे. लढवय्या जमात असते, ठीक. आम्ही त्यातलेच, तुमची यादी तेवढी दुरुस्त करा. कांबळ्यांच्या अर्जात कसोटी सरकलेली आहे. जन्माने कोण लढवय्या, हा मुद्दाच मागे पडतो आणि सरकार आपल्या सगळ्या प्रजेला सारखं वागवतं का, हा पुढे येतो.

हा फरक कशामुळे? सोळा वर्षांत राजकारण बदललं, हे एक उत्तर आहे आणि ते खरंच आहे. पण मला वय मोजावंसं वाटतं. वलंगकर दार बंद व्हायच्या आधी आत होते. त्यांनी वर्दी घातली होती, पेन्शन मिळत होती. त्यांच्यासाठी भरतीबंदी म्हणजे कमावलेली इज्जत हिसकावून घेणं. तेव्हा त्यांनी इतिहास काढणं साहजिक आहे : आम्ही होतो, अजूनही आहोत. कांबळ्यांचा जन्म १८७५ चा. दार बंद झालं तेव्हा ते अठरा वर्षांचे, म्हणजे बरोबर भरतीच्या वयाचे. ते भरतीला गेले होते असं मी म्हणत नाही, लहानपणापासूनच त्यांना साहेब लोकांकडे काम करावं लागलं होतं. पण त्यांच्या पिढीला ‘परत घ्या’ म्हणता येत नव्हतं, कारण ती आत गेलीच नव्हती. तिला दाराच्या रचनेबद्दलच बोलावं लागलं.

दोन अर्जांवरून पिढीचा सिद्धांत उभा करू नका, हे मी स्वतःलाही बजावतो. पण प्रबंधाला लागतो तो असाच प्रश्न : नाकारलेल्याचं वय काय होतं, आणि अर्ज कोण लिहितोय.

कारण अर्ज लिहिणारे आणि काढले गेलेले हे बहुतेक वेळा एकच नसतात. १८९३ ला सोळा-सतरा वर्षांचा एखादा मुलगा, ज्याचा बाप हवालदार होता आणि ज्याने आपणही पलटणीत जाणार असं धरून ठेवलं होतं, त्याने काय लिहिलं? काही नाही. त्याच्या वतीने पेन्शनर बोलले. रामजी सुभेदारांनी या प्रश्नावर न्यायमूर्ती रानड्यांकडून अर्ज लिहून घेण्याची खटपट केली, असं बाबासाहेबांचे चरित्रकार धनंजय कीर सांगतात.  रामजींना मुलगे होते, आणि अर्जाच्या मागे ती काळजी आहे. अर्जाच्या सरकारी इंग्रजीत बापाची काळजी अशी उघड दिसत नाही, पण वाचताना ती धरून ठेवा.

दाराबाहेर राहिलेली पोरं कुठे गेली हे वेगळ्या कागदांतून जुळवावं लागतं. मुंबईच्या गिरण्या, गोदी, रेल्वे, खडकीचा दारूगोळा कारखाना, साहेबांच्या घरची नोकरी. खडकीचं मला नेहमी खटकतं : बंदूक हातात द्यायची नाही, तिची काडतुसं मात्र यांनी भरायची. आणि बाकीचे गावातच राहिले, वतनाच्या कामावर.

मग १९१७ आलं. महायुद्धात माणसं कमी पडू लागली आणि १११ वी महार पलटण उभी राहिली. लढवय्या जमातीचं शास्त्र तेव्हा कोणी खोटं ठरवलं नव्हतं. गरज पडली एवढंच. युद्ध संपलं, १९२१ पर्यंत पलटण मोडली, दार पुन्हा बंद. पुढे १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब कोरेगावच्या स्तंभापाशी गेले, त्यामागे हा ताजा अनुभव होता. दुसऱ्या महायुद्धात ते व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. तिच्या सुरुवातीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता.

इथे बहुतेक लेख संपतात. ‘अखेर न्याय मिळाला.’ तुम्ही इथे थांबू नका, साधी वजाबाकी करा. १८९३ ला जो अठरा वर्षांचा होता तो १९१७ ला बेचाळीस वर्षांचा झाला. १९४१ ला, जगला असलाच, तर सहासष्ट. दार उघडलं ते त्याच्यासाठी नाही. १९१७ ला जे आत गेले त्यांनाही चार वर्षांत घरी पाठवलं. अग्निवीर योजनेची चर्चा ऐकणाऱ्या तुम्हाला हा आकडा ओळखीचा वाटेल, जरी दोन्ही गोष्टी एक नाहीत. समाजाने झगडून रस्ता मिळवला हे खरं आणि त्या माणसाला तो कधीच मिळाला नाही हेही खरं. प्रबंधात दोन्ही वाक्यं शेजारी शेजारी राहू द्या, एकाने दुसरं पुसू नका. यशाची गोष्ट सांगायच्या नादात आपण ही मधली चोवीस वर्षं गाळतो, आणि खरं तर विषय तिथेच आहे.

आपल्या गावाकडे याचं एक अगदी जवळचं, लहान रूप घडून गेलंय. करोनात दोन वर्षं सैन्यभरतीचे मेळावेच झाले नाहीत. २०२२ च्या जूनमध्ये अग्निपथ जाहीर झालं तेव्हा वरची वयोमर्यादा २१ होती. आरडाओरडा झाल्यावर त्या एका वर्षापुरती ती २३ केली गेली. तरीही काही पोरं निसटलीच. त्यांना कुठेच ‘काढलं’ नव्हतं. ग्राउंड नाही, मेडिकल नाही, नुसतं वय निघून गेलं. १८९३ च्या जातबंदीची आणि याची तुलना होऊ शकत नाही, तिथे माणसाच्या जन्मावरच फुली मारली होती. पण संशोधकाच्या दृष्टीने अडचण तीच : जो रांगेत उभाच राहू शकला नाही, त्याची नोंद कोण ठेवतं?

कोणाला या विषयात शिरायचं असेल तर सुरुवात छापील साधनांपासून करा. कांबळ्यांचे अर्ज आपल्याला वाचायला मिळतात ते नवलकरांनी १९३० मध्ये लिहिलेल्या त्यांच्या चरित्रामुळे. एलिनॉर झेलियट आणि फिलिप कॉन्स्टेबल यांनी या अर्जांवर काम केलंय, ते आधी वाचून काढा, नाहीतर तेच पुन्हा शोधाल. मग मुंबईच्या पुराभिलेखागारात लष्करी खात्याच्या फायली मागा. आणि गावात, तिसगाव असो की तुमचं दुसरं कुठलं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची माजी सैनिकांची यादी घेऊन फिरू नका. तिच्यात फक्त आत गेलेले असतात. त्याच घरातल्या दुसऱ्या भावाकडे बसा. तो आधी म्हणेल, ‘माझं काय, मला काढलं.’ मग विचारा, कुठं, कोणत्या साली, तेव्हा वय काय होतं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काय केलं. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टेपवर घ्या.